तनूच्या न बोलण्याचे समभाग

माझी मुलगी घराबाहेर एक शब्दही बोलत नाही, या माझ्या काळजीची दिवाळीनंतर सांगलीच्या बाजारात रीतसर नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी तिचे चाळीस समभाग विकले गेले. त्या रात्री मी लग्नाआधी झोपायचे तशी झोपले.

तोवर ही काळजी एकट्या माझ्याकडे होती आणि तिनं मला जागं ठेवलं होतं. तनू, म्हणजे तन्मयी, साडेचार वर्षांची. घरात तिचं तोंड मिटत नाही. ती पोळपाटाशी बोलते, पालीशी बोलते, कुकरची शिट्टी झाली की त्याला "आले, आले" म्हणते. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की संपलं. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा ती नुसता हात वर करते. कुणी "नाव काय गं तुझं?" असं विचारलं की ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. मग लोक मला सल्ला देतात. मध चाटवा, वेखंड घासा, टीव्ही बंद करा, तुम्हीच जास्त बोलत असाल. हा शेवटचा सल्ला मी आठवडाभर पाळून पाहिला. घरातल्यांना बरं वाटलं, तनूत काही फरक पडला नाही.

मी एम.कॉम. आहे. समभाग, भागभांडवल, प्रवर्तक हे शब्द मला परीक्षेपुरते येत होते. त्यांची आपल्याशी कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. माझा नवरा अभिनंदन पंपसेट विकतो. त्याच्या दुकानात धनपालअण्णा मगदूम यायचे. ते मार्केट यार्डातले अडते. सकाळी हळदीचे सौदे करतात आणि हळद आटोपली की त्याच कट्ट्यावर काळज्यांचे. अभिनंदननं माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं त्यांना सांगितली असावीत, कारण एक दिवस तो म्हणाला, "जाऊन तर ये. विकायची सक्ती नाही."

मी गेले.

"ताई, भिण्यासारखं काय नाही त्यात," अण्णा म्हणाले. "पहिल्यांदा आलेला माणूस असाच बसतोय, पिशवी मांडीवर आवळून."

मी पिशवी खाली ठेवली.

"काळजी कधीपासूनची?"

"जूनपासूनची. म्हणजे तशी जन्मापासूनचीच, पण बोलण्याची जूनपासून."

"जन्मापासूनची धरू. मुरलेल्या मालाला उठाव असतो. आता सगळ्यात वाईट काय होईल असं वाटतं तुम्हाला? नमुना बघायला लागतोय. पोत्यात वरवर हात घालून हळद कळत नाही, तळातनं काढावी लागते."

मी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. शाळा सुटल्यावर एखाद्या दिवशी तनूला चुकून कुणी भलत्याच रिक्षात बसवेल आणि "ही माझी रिक्षा नाही" एवढं ती म्हणणार नाही.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चांगला माल आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी मला बाजाराची ओळख करून दिली. काळजी पैशानं मिळत नाही, झोपेनं मिळते. घेणारा आपली झोप विकणाऱ्याला देतो आणि घेतलेल्या हिश्श्यापुरता स्वतः जागा राहतो. हळदीचे लिलाव कधीच उघड झाले, पण काळज्यांचा भाव अजूनही जुन्या पद्धतीनं ठरतो. अडत्याच्या हातावर पंचा टाकतात आणि घेणारा पंचाखाली हात घालून त्याची बोटं दाबतो. एक बोट म्हणजे एका रात्रीची झोप. अख्खी मूठ आवळली तर महिन्याची. शेजाऱ्यानं किती दाबली ते शेजाऱ्याला कळत नाही.

"पण लोक दुसऱ्याची काळजी घेतात कशाला?" मी विचारलं. प्रश्न बाळबोध होता, पण मला खरंच कुतूहल होतं.

"ज्यांच्याकडं झोप पडून आहे ते घेतात. झोप नुसती ठेवली तर तिची सुस्ती होते ओ. कामाला लावली तर वाढते. आज एका बोटाला घेतलेली काळजी सहा महिन्यांनी तीन बोटांना जाते. शिवाय लाभांश आहेच."

लाभांश म्हणजे दर तिमाहीला एक सल्ला. समभागधारक तो प्रवर्तकाला, म्हणजे मला, देणार आणि मी तो पूर्ण ऐकून घ्यायचा. मध्येच "हो, ते आम्ही करून पाहिलं" असं म्हणायचं नाही. ज्याच्याकडे समभाग नाही त्याला मात्र सल्ला द्यायचा अधिकार नाही. हे कलम ऐकून मी जवळजवळ तिथेच सही केली.

अण्णा घाईतले नव्हते. काळज्यांचे प्रकार त्यांनी हळदीच्या प्रती सांगाव्यात तसे सांगितले. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी हे जुने भारदस्त समभाग. हळू वाढतात, पण बुडत नाहीत. 'गॅस बंद केला का' ही रोजच्या उलाढालीची काळजी, सकाळी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत विकून मोकळं व्हायचं. ज्याला निवडच जमत नाही त्यानं एकत्र कुटुंबाची टोपली घ्यावी. तिच्यात सासूचे गुडघे, दिराचा स्वभाव, भाच्याची दहावी असं सगळं थोडं थोडं येतं. एक पडलं तर दुसरं सावरतं.

"नवख्यानं दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या," ते म्हणाले. "घेणाऱ्यानं सगळी झोप एकाच काळजीत घालायची नाही. आणि तुमच्यासारख्या विकणाऱ्यानं निम्म्याच्या खाली यायचं नाही. निम्म्याच्या वर ज्याची काळजी, त्याचाच निर्णय. पोरीचं काय करायचं ते मग तो ठरवणार."

मी मान हलवली. मी व्याख्यान ऐकताना फार मनापासून मान हलवते. कॉलेजातही हलवायचे.

शंभरातले चाळीस समभाग गेले, साठ माझ्याकडे राहिले, आणि आमच्या घरात सुखाचे दिवस आले. मी झोपू लागले. डाळ करपेना. रोज अकरा वाजता यार्डातून भाव कळायचा आणि मला त्याची गोडी लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तनू सूर्यफूल झाली होती. तिला एकच वाक्य होतं, ते ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाव दीड बोटानं चढला. मी कंदी पेढे आणले.

"पोरगी बोलली नाही म्हणून पेढे?" अभिनंदन म्हणाला.

"नोंद झालेल्या काळज्यांत या आठवड्यात आपली पहिली आली."

"अगं, पण ती बोलली नाही."

"ते आहेच," मी म्हटलं. ते होतंच. फक्त त्यातला चाळीस टक्के भाग आता माझा नव्हता.

यानंतर मी जी चूक केली ती एम.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. संक्रांत आली. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं हा दरवर्षीचा प्रश्न. गेल्या वर्षी प्लास्टिकचे डबे दिले होते, त्याआधी चाळण्या. आमच्या अपार्टमेंटमधल्या सगळ्यांकडे सगळ्यांचे डबे झालेले. मी विचार केला, काहीतरी टिकाऊ द्यावं, वाढणारं द्यावं. आलेल्या नऊ जणींना मी तिळगुळासोबत तनूच्या काळजीचा एकेक समभाग लुटला. मिरजेहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदेला, पल्लवी वन्संना, घरच्या म्हणून तीन दिले. बायका खूश झाल्या. "काहीतरी वेगळं केलंस हो शर्वरी," असं जिनं तिनं म्हटलं. त्या रात्री मी आणखी गाढ झोपले. साठातून बारा गेले की अठ्ठेचाळीस उरतात हे माझ्या लक्षात यायला फेब्रुवारी उजाडला.

तेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. वसगडेकर काकांनी आणून दिलं.

काका आमच्याच अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दोन्ही मुलं पुण्यात मार्गी लागलेली, काकूंना जाऊन बरीच वर्षं झालेली, रक्तदाब नॉर्मल. त्यांच्याकडे स्वतःची म्हणावी अशी एकही काळजी उरली नव्हती आणि झोप मात्र ढीगभर होती. त्यांनी आधी गंमत म्हणून तनूचा एक समभाग घेतला. मग बाजारातले बाकीचेही घेतले. हळदीकुंकवाच्या बायकांना दोन-तीन रात्रींतच जागरणाचा कंटाळा आला होता. काकांनी चढा भाव दिला आणि एकेकीनं वाण विकून टाकलं.

"सध्या एकोणपन्नास माझ्याकडे आहेत," काका सोफ्यावर बसत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली आता माझ्यासारखी वर्तुळं होती. "तुझ्याकडे अठ्ठेचाळीस. तुझ्या नणंदेचे तीन गुरुवारी सौद्याला येतायत. ते घेतले की निर्णय माझ्याकडे येतो. म्हटलं, आधी सांगावं. शेजारी आहोत."

"निर्णय म्हणजे काय करणार, काका?"

"पन्हाळ्यावर वक्तृत्वाचं शिबिर असतं मे महिन्यात. निवासी. रोज माईकसमोर उभं करतात. मी चौकशी केली आहे, पाच वर्षांखालचं घेत नाहीत, पण माझ्या शब्दावर घेतील. पाण्यात टाकल्याशिवाय पोहता येत नाही."

"काका, ती साडेचार वर्षांची आहे. ती अजून माझ्याशिवाय एक रात्र राहिलेली नाही."

"मला माहीत आहे ना ते. रोज रात्री मी तोच विचार करतो," काका म्हणाले. "मी काही तिचं वाईट चिंतीन का? अर्धी मुलगी माझ्या डोक्यात असते. मागच्या आठवड्यात मी शाळेच्या फाटकापाशी जाऊन रिक्षाचा नंबर बघून आलो."

तो नंबर मीही बघून आले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना तो म्हणून दाखवला. बरोबर होता.

ते गेल्यावर मी मिरजेला फोन लावला.

"वन्सं, तुम्ही तीन समभाग सौद्याला काढलेत?"

"रागावू नकोस शर्वरी, पण मला नाही झेपत गं. मध्येच जाग येते आणि विचार सुरू. रिक्षा कुठली, माणूस कोण. माझीही दोन पोरं आहेत. त्यांची काळजी करायला मला सवडच मिळेना."

"मलाच द्या ना मग परत."

"तुझ्याकडं झोप कुठली गं द्यायला? आणि वाण परत घेतात का कुठं? अण्णा म्हणाले, सौद्यातच घालायला लागतं." आणि फोन ठेवता ठेवता, "पुढच्या वेळी आपले डबेच दे बाई."

गुरुवारपर्यंत झोप गोळा करणं एवढंच हातात होतं. माझ्याकडे शिल्लक नव्हती, मिळाली तशी मी ती झोपून टाकली होती. अभिनंदन म्हणाला, "माझ्या सगळ्या रविवारच्या धर. आणि दुकानात गल्ल्यावर डोळा लागतो, तीही धर." मी म्हटलं, "तुझं काय होईल?" तो म्हणाला, "काय व्हायचंय? जागा राहीन. पन्हाळ्याला जाऊन रडण्यापेक्षा बरं." लग्नात त्यानं मला दिलेल्या कुठल्याही वचनापेक्षा मला हे मोठं वाटलं.

गुरुवारी तनूला सोबत न्यावं लागलं, कारण निर्णय हात बदलणार असेल अशा सौद्याला जिची काळजी आहे ती समोर हवी असा नियम आहे. कट्ट्यावर हळदीची पोती होती. अण्णांनी त्यातल्या एकावर तिला बसवलं. तिच्या पांढऱ्या मोज्यांना पिवळा रंग लागला. आजूबाजूला पंचवीस-तीस गुंतवणूकदार उभे होते. कुणी जांभई देत नव्हतं. बाजारात जांभई देणं म्हणजे आपली झोप संपत आली हे दाखवणं, असं मला नंतर कळलं. मी तोवर दोन दिल्या होत्या.

"माल, तनूचं न बोलणं," अण्णांनी पुकारलं. "समभाग तीन. पंचाखाली बोट दाबायचं, आणि झोप कुठली देणार ते स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांनी ऐकलं तरच बोली खरी."

काका पुढे झाले. पंचाखाली त्यांचा हात बराच वेळ राहिला.

"कुठली?"

"पहाटेची," काकांनी खणखणीत सांगितलं.

मग मी. मी अण्णांची पाची बोटं दाबली, दोनदा. मग जिवाच्या करारावर आणखी एक.

"कुठली, ताई?"

"मिळेल तेव्हाची."

"अशी बोली चालत नाही."

"मग रविवारची. माझ्या मिस्टरांची. त्यांनी परवानगी दिली आहे. आणि त्यांची गल्ल्यावरची."

लोक हसले नाहीत. अण्णांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि मला कळलं की मी कमी पडले. काकांची मूठ असणार. मी मेच्या कपड्यांचा विचार करू लागले. पन्हाळ्यावर संध्याकाळी गार वारं असतं, स्वेटर लागेल. तिला पाणी हवं असेल तर ती कुणाला कसं सांगेल?

"आणखी कोणी?" अण्णांनी विचारलं. "एकदा. दोनदा."

आणि ते थांबले. त्यांनी खाली बघितलं.

तनू पोत्यावरून उतरली होती. मघापासून ती त्या पंचाकडे बघत असणार. मोठी माणसं एकेक करून त्याच्याखाली हात घालतात, काही बोलत नाहीत आणि तरी सगळं ठरतं, हे तिला पटलं असावं. तिचा हात कोपरापर्यंत पंचाखाली गेला होता.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"बोली आली," अण्णा म्हणाले. "मूठ आहे." थोडं थांबून, "दुसरी मूठ." मग, "तिसरी. पोरगी सोडंना झाली."

"अहो, एवढ्याशा मुलीची बोली?"

"झोपेला वयाची अट नाही, काका." अण्णांनी कट्ट्यावरच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "आणि भांडवलाचं म्हणाल तर हिच्याएवढी झोप इथं कुणाकडं आहे सांगा."

आम्ही सगळे तारवटलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "माझी नात बारा तास झोपते. हे आपल्याला आधी सुचायला पाहिजे होतं."

"हिला मिळाले तर निम्म्याच्या वर कुणीच जात नाही," अण्णांनी कायदा सांगितला. "ताई नाही, काका नाहीत. दोघांनाही हिला विचारल्याशिवाय काही करता येणार नाही. पण नियम सगळ्यांना सारखा. कुठली झोप ते तोंडानं सांगायला लागतंय. नाही सांगितलं तर बोली बाद, आणि माल काकांचा." मग ते तनूकडे वळले आणि मोठ्या व्यापाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बोला बाईसाहेब. कुठली झोप देणार?"

तनूनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

"प्रवर्तकांनी बोलायचं नाही, ताई."

मी तोंड मिटलं. ते मिटलेलं ठेवायला मला हनुवटीला हात लावावा लागला. तिला कुणी काही विचारलंय आणि मी उत्तर दिलेलं नाही, अशी मला तरी दुसरी वेळ आठवत नाही.

काका गुडघ्यांवर हात टेकत तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचं काय पणाला लागलं होतं ते सगळ्या कट्ट्याला माहीत होतं. ती गप्प राहिली तर माल त्यांचा, निर्णय त्यांचा. ती बोलली तर त्यांच्याकडच्या एकोणपन्नास समभागांना उद्या कुणी करंगळीसुद्धा लावणार नव्हतं, आणि त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी झोप त्यात घातली होती.

"बोल बाळा," काका म्हणाले. "हळू बोललीस तरी चालेल. मी ऐकतोय."

"काका, तुमचं नुकसान आहे त्यात," अण्णांनी आठवण करून दिली.

"माहीत आहे हो. जरा गप्प बसा."

हमाल पोती उचलायचे थांबले. तनूनं काकांकडे बघितलं, पंचाकडे बघितलं, आपले पिवळे मोजे बघितले. अण्णांचा हात तिनं अजून सोडला नव्हता. मग कट्ट्याच्या त्या टोकालाही ऐकू जाईल अशा आवाजात, कुकरशी बोलते त्याच आवाजात, ती म्हणाली,

"दुपारची. सगळी घेऊन जा. आणि परत आणू नका."